वाचकांचे प्रश्न : कारकुनी काम बदलत असताना मुलांनी काय शिकावे?

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कार्यालयातील नोकऱ्यांचे काय होणार, अशी विचारणा करणारी पत्रे गेल्या काही महिन्यांत या सदराकडे मोठ्या संख्येने आली. त्यांतील पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

माझा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचा टॅलीचा कोर्सही झाला आहे. पदवीनंतर मुंबईला मामाकडे राहून एखाद्या कंपनीच्या अकाउंट्स विभागात लागायचे, असे आमच्या घरात ठरले होते. आता मामा सांगतात की त्यांच्या कार्यालयात बिलांच्या नोंदी करण्यासाठी नवी मुले घेणे बंद झाले, ते काम सॉफ्टवेअर करते. मुलाने वाणिज्य शाखा सोडावी का? — एक आई, चिपळूण

शाखा सोडण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र ठरवलेला मार्ग पूर्वीसारखाच मोकळा राहील, असे धरून चालणेही योग्य नाही. आपल्या भावाने जे सांगितले ते खरे आहे आणि त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता हे एकच कारण नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटी रुपयांहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यावसायिकांना दुसऱ्या व्यावसायिकाला दिलेले बिल ई-इन्व्हॉइस म्हणून सरकारी पोर्टलवर नोंदवावे लागते आणि तेथून त्याचा तपशील थेट जी.एस.टी.च्या विवरणपत्रात जातो. जे बिल पूर्वी विकणाऱ्याकडे एकदा, घेणाऱ्याकडे एकदा आणि कर सल्लागाराकडे आणखी एकदा हाताने भरले जात असे, ते आता पुष्कळ ठिकाणी एकदाच भरले जाते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट-जीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि त्यानंतर छायाचित्रावरून बिल वाचणे, पत्राचा मसुदा करणे, लांब अहवालाचा गोषवारा काढणे ही कामेही यंत्राकडे जाऊ लागली.

बँकांत संगणक आले तेव्हाही अशीच भीती होती, याची आठवण पुष्कळ जण करून देतात. १९८४ मध्ये रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाची शिफारस केली, कर्मचारी संघटनांनी त्या काळात संगणकांना विरोध केला आणि तरीही पुढे बँकांचा विस्तार झाला व माणसे लागतच राहिली. हा दाखला खरा असला, तरी त्यावर पूर्ण विसंबू नये असे माझे मत आहे. त्या संगणकाला माहिती पुरवण्यासाठी माणूस लागत होता, त्यामुळे खतावणी लिहिणारा कारकून कळफलकापाशी बसू शकला. या वेळी माहिती भरण्याचे कामच कमी होत आहे.

माझी खरी चिंता नोकऱ्यांच्या संख्येपेक्षा वेगळी आहे. नव्या मुलाला कार्यालयात पहिली दोन वर्षे जे कंटाळवाणे काम दिले जात असे, त्यातूनच तो धंदा शिकत असे. हजारो व्हाउचर हाताखालून गेली की कोणता खर्च कशात टाकायचा, कोणत्या पुरवठादाराचे बिल नेहमी उशिरा येते, कोणता आकडा खटकण्यासारखा आहे, हे त्याला कोणी न शिकवताही कळू लागे. ते काम यंत्राने केले, तर मालकाला पहिल्या दिवसापासूनच तपासू शकणारा माणूस हवा असणार. पण असा माणूस घडवणारी जागा मात्र उरणार नाही. म्हणून ती दोन वर्षांची उमेदवारी मुलाने पदवी हातात पडण्याआधीच करावी आणि ती चिपळूणमध्येच करावी, असा माझा आग्रही सल्ला आहे.

चिपळूणसारख्या गावात सनदी लेखापालांची कार्यालये आहेत, पतसंस्था आहेत, लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत लहानमोठे कारखाने आहेत. विवरणपत्रांच्या आणि लेखापरीक्षणाच्या हंगामात या सर्व ठिकाणी हात कमी पडतात. मुलाने तेथे अर्धवेळ जावे, सुरुवातीला पैशांचा आग्रह धरू नये आणि नोंदी करण्यापेक्षा ताळमेळ घालण्याचे काम मागून घ्यावे. उदाहरणार्थ, जी.एस.टी.च्या २-बी विवरणात (पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून तयार होणाऱ्या खरेदीच्या यादीत) दिसणारी बिले आणि दुकानाच्या खरेदी नोंदवहीतील बिले जुळत नाहीत, हे सॉफ्टवेअर क्षणात दाखवते. परंतु कोल्हापूरच्या पुरवठादाराने विवरणपत्रच भरले नाही, की बिल चुकून दुसऱ्याच्या क्रमांकावर टाकले, की मालच आला नव्हता, हे फोन करून, चार प्रश्न विचारून आणि गोदामातील माणसाशी बोलून काढावे लागते. तोपर्यंत दुकानदाराची कराची वजावट अडकून राहते. हे काम ज्याला जमते त्याची गरज सॉफ्टवेअर आल्याने वाढते.

जुलै २०२१ च्या महापुरानंतर आपल्या बाजारपेठेची काय अवस्था झाली होती, हे आपण पाहिलेच आहे. ज्यांच्या वह्या आणि बिले चिखलात गेली, त्यांच्यापुढे विम्याच्या दाव्यासाठी दुकानातील साठा कागदावर उभा करण्याचा प्रश्न होता. बँकेचे उतारे, भरलेली विवरणपत्रे, पुरवठादारांकडील प्रती आणि मालकाची आठवण यांतून तो हिशेब पुन्हा मांडणे, आणि विम्याच्या सर्वेक्षकासमोर त्यातील प्रत्येक आकड्याचे कारण सांगणे, हे काम नुसत्या टॅलीच्या प्रमाणपत्रावर होणारे नाही. मुलाला याच दर्जाचे काम करता यावे, हे उद्दिष्ट ठेवा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. अनेक मुले ओळखीच्या कार्यालयातून केवळ प्रमाणपत्र आणून ते श्रेयांक पदरात पाडून घेतात. ही गोष्ट मला फार लागते, कारण नेमकी जी संधी पूर्वी नोकरी लागल्यावर मिळत असे, ती अभ्यासक्रमाने पदवीच्या आत आणून दिली आहे आणि आपण ती कागदावर संपवत आहोत. आपल्या मुलाने असे करू नये. त्याची तयारी असेल तर सनदी लेखापालाच्या परीक्षेचाही विचार व्हावा. २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत आर्टिकलशिपचा, म्हणजे लेखापालाच्या हाताखाली करायच्या प्रत्यक्ष उमेदवारीचा, कालावधी दोन वर्षांचा आहे. मुंबईला तो अवश्य जावा, पण शिकून झाल्यावर जावा.

मी कणकवली तालुक्यातील कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य विषय शिकवतो. विद्यार्थी प्रकल्प आणि स्वाध्याय सरसकट मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून आणतात. बंदी घालून उपयोग होत नाही, आणि मोकळीक दिली तर कोणी काहीच शिकत नाही. अशा वेळी शिक्षकाने काय करावे? — एक शिक्षक

सर, आपली अडचण पूर्णपणे खरी आहे आणि तिचे मूळ मला प्रकल्पांच्या विषयांत दिसते. ‘विपणनाचे महत्त्व’, ‘बँकेची कार्ये’ यांसारख्या विषयांवरचा प्रकल्प पूर्वी गाइडमधून उतरवला जात होता आणि आता यंत्राकडून उतरवला जातो. विद्यार्थ्याने दोन्ही वेळा विचार केलेला नाही. आपल्या कोकण विभागीय मंडळाचा निकाल मंडळ स्थापन झाल्यापासून राज्यात सातत्याने आघाडीवर राहिला आहे, त्याचा अभिमान आपण सर्वच बाळगतो. परंतु गुण मिळवण्याची ही सवय आणि अनोळखी कागद समोर आल्यावर त्याचा अर्थ लावण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढील काळात कसोटी दुसऱ्या गोष्टीची लागणार आहे.

ज्याचे उत्तर यंत्राजवळ असूच शकत नाही, असा कागद विद्यार्थ्याच्या हाती द्यावा, हा माझा पहिला उपाय. आपल्या वर्गात आंबा बागायतदारांची मुले असतील. प्रत्येकाने एका बागेचा एका हंगामाचा हिशेब आणावा : फवारणी, राखण, काढणी, खोके, गवत, गाडीभाडे यांचा खर्च आणि वाशीच्या बाजारातून दलालाने पाठवलेल्या हिशेबपट्ट्या. पट्टीवरचा दर, अडत, हमाली, तोलाई आणि हातात पडलेली रक्कम यांचा मेळ घालावा. मार्चमधील पेटी आणि मे महिन्यातील पेटी यांच्या भावात किती फरक पडला, पहिल्या मोहोराची फळे गळाल्याने तो हंगाम किती बदलला, वाशीऐवजी थेट ग्राहकाला माल पाठवला असता तर वेष्टन आणि वाहतूक वजा जाता काय उरले असते, हे विद्यार्थ्याने काढावे. आकडेमोडीसाठी आणि तक्ते करण्यासाठी त्याने यंत्राची मदत जरूर घ्यावी. नंतर वर्गासमोर उभे राहून, हातात कागद न घेता, आपण विचारलेल्या पाच प्रश्नांची उत्तरे त्याने द्यावीत. गुणांचा मोठा भाग त्या तोंडी परीक्षेला ठेवला की प्रकल्प कोणी लिहिला हा वाद आपोआप मागे पडतो.

ज्यांच्या घरी बाग नाही, त्यांच्यासाठी मासळीचा लिलाव, रिक्षा व्यवसाय, बचत गटाचे दप्तर, घरगुती खानावळ असे विषय आहेतच.

दुसरा उपाय यंत्राची चूक पकडण्याच्या सरावाचा आहे, आणि त्यासाठी आपल्या विषयात सध्या उत्तम सामग्री आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्याचे ठरले. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि ‘आकारणी वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जी.एस.टी.चे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी रद्द झाले आहेत. जुन्या मजकुरावर घडलेले यंत्र अनेकदा जुनाच दर किंवा जुनेच कलम तितक्याच ठामपणे सांगते. विद्यार्थ्यांनी यंत्राला दहा प्रश्न विचारावेत, प्रत्येक उत्तर सरकारी अधिसूचनेशी ताडून पाहावे आणि चूक कोठे झाली याची नोंद करावी. न्यूयॉर्कमधील २०२३ चे प्रकरण त्यांना अवश्य सांगा. चॅट-जीपीटीने दिलेले, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेले न्यायनिवाडे वकिलांनी न्यायालयात सादर केले आणि न्यायाधीशांनी त्यांना ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. दंड सॉफ्टवेअरला झाला नाही, सही करणाऱ्यांना झाला. विद्यार्थ्यांच्या मनावर हे ठसले पाहिजे.

याच संदर्भात एक सूचना कळकळीने करतो. प्रकल्पासाठी आणलेली आधार क्रमांक, खाते क्रमांक किंवा कर्जाची माहिती असलेली कागदपत्रे कोणत्याही मोफत ॲपवर चढवू नयेत, हे पहिल्याच तासाला सांगावे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा २०२३ मध्ये संसदेने संमत केला आहे, आणि ज्या मुलाला या बाबतीत सावध राहण्याची सवय आहे त्याच्यावर पतसंस्थेचा व्यवस्थापक निर्धास्तपणे काम सोपवेल. वर्गात मात्र नावे आणि क्रमांक खोडलेल्या प्रतींवरच काम व्हावे.

सहा महिन्यांत ‘ए.आय. तज्ज्ञ’ करून नोकरीची हमी देणाऱ्या एका क्लासची जाहिरात मुलीने दाखवली. शुल्क आमच्या ऐपतीबाहेरचे आहे, पण कर्ज काढण्याची तयारी आहे. मुलगी नुकतीच बी.ए. झाली आहे. — एक वडील, राजापूर

कृपया कर्ज काढू नका. ज्या मुलीने संख्याशास्त्र किंवा संगणक हा विषय घेतलेला नाही, तिला सहा महिन्यांत या क्षेत्रातील तज्ज्ञ करता येत नाही, आणि नोकरीची हमी लेखी मागितली की बहुतेक ठिकाणी ती ‘साहाय्य’ या शब्दावर येऊन थांबते. ही साधने वापरायला शिकण्यासाठी मोठे शुल्क लागत नाही. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर २०१७ पासून विद्यापीठीय अभ्यासक्रम विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेचे माफक शुल्क भरावे लागते. मुलीने आधी स्प्रेडशीट नीट शिकावी, म्हणजे केवळ तक्ता काढण्यापुरती नव्हे तर सूत्रे लावून मोठी यादी गाळून घेण्याइतकी. एम.एस.-सी.आय.टी. २००१ पासून आपल्याकडे आहे आणि अनेक सरकारी पदांसाठी तशी संगणक अर्हता लागते, परंतु त्या परीक्षेनंतर संगणकाला हात न लावलेली मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. वाचलेल्या पैशांतून तिला एक चांगला वापरलेला लॅपटॉप घेऊन द्यावा.

मी बारावी विज्ञान शाखेत आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता ज्याला कधीच हात लावणार नाही असे एखादे क्षेत्र सांगाल का? — एक विद्यार्थी, दापोली

असे क्षेत्र सांगण्याचे धाडस करू नये, हे या विषयातील सर्वांत मोठ्या माणसाच्या अनुभवावरून शिकावे. २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये असे म्हटले होते की नवे क्ष-किरणतज्ज्ञ घडवणे आता थांबवावे, कारण पाच-दहा वर्षांत यंत्र त्यांच्याहून सरस ठरेल. आज यंत्र क्ष-किरण प्रतिमा वाचण्यास मदत करते आणि तरीही अनेक देशांत क्ष-किरणतज्ज्ञांचा तुटवडा आहे. सुरक्षित क्षेत्र शोधण्यात वर्ष घालवण्यापेक्षा ज्या विषयात तुझे मन रमते तो निवड आणि त्यातील प्रत्यक्ष काम जवळून बघ. तुझ्या गावातच कोकण कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. राज्य सरकारने २०२५ मध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आहे. ते बागेत उतरवताना मोहोरावरची तुडतुडा ही कीड ओळखणारी आणि आकडेवारीही समजणारी माणसे लागतील. गणित सोडू नकोस.

मी बी.ए.ला मराठी विषय घेतला आहे. भाषांतर, मसुदालेखन, मुद्रितशोधन यांपैकी काहीतरी करावे असे वाटत होते. आता मराठी भाषांतरही यंत्र करते. घरचे म्हणतात, विषय चुकला. मला मात्र मराठी सोडायची नाही. — एक विद्यार्थिनी, गुहागर

विषय चुकलेला नाही, आणि तुझा निर्धार मला मनापासून आवडला. तरीही वस्तुस्थिती लपवणे बरोबर नाही : माहितीपत्रके, जाहिरातींचे मजकूर, साधी पत्रे यांच्या भाषांतराचे दर पूर्वीसारखे राहणार नाहीत, आणि पूर्वी पाच भाषांतरकारांना मिळणारे काम पुढे एक संपादक यंत्राच्या मदतीने करील. तो संपादक होण्याची तयारी तू करावीस. यंत्राने केलेल्या मराठीतील वाक्य कोठे अडखळते, शासकीय पत्रात कोणती संज्ञा रूढ आहे, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांपैकी कोठे काय शोभते, हे कान तयार असल्याशिवाय कळत नाही, आणि कान तयार होण्यासाठी भरपूर चांगले वाचन आणि रोज स्वतःच्या हाताने केलेले लेखन याला पर्याय नाही. पदवीच्या तीन वर्षांत तरी निबंधाचा पहिला मसुदा यंत्राकडून घेऊ नकोस. ते शक्य असूनही टाळावे, असे मी म्हणतो, कारण ज्याने स्वतः शंभर वाईट वाक्ये लिहून दुरुस्त केलेली नाहीत त्याला दुसऱ्याचे वाक्य दुरुस्त करता येत नाही.

यापलीकडे एक काम असे आहे की जे कोकणात विशेष आहे आणि ज्यासाठी मराठीची पदवी हा उत्तम पाया ठरतो. आपल्याकडील जमिनींचे सातबारे बहुधा सामायिक असतात. एका उताऱ्यावर चार पिढ्यांच्या वारसांची नावे असतात आणि त्यांतील निम्मी मंडळी मुंबईत असतात. सातबारा आता डिजिटल स्वाक्षरीसह घरबसल्या मिळतो, परंतु त्यावरील नाव कोणत्या फेरफाराने (हक्कातील बदलाच्या नोंदीने) लागले, खोती म्हणजे खोतांमार्फत सारा वसूल करण्याची पद्धत नष्ट करणाऱ्या १९४९ च्या कायद्यानंतर ती जमीन कोणाच्या नावे झाली, कुळाची नोंद केव्हाची, हे जुन्या कागदांतून काढावे लागते. त्यांतील बराच दस्तऐवज मोडी लिपीत आहे. मोडीचे हस्ताक्षर माणसागणिक बदलते, शब्द तोडून लिहिलेले नसतात, संक्षेप फार असतात. ही लिपी वाचणारी यंत्रणा घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि ते यशस्वी व्हावेत असेच मला वाटते. पण वाटणीच्या दाव्यात न्यायालयापुढे जाणाऱ्या लिप्यंतराची जबाबदारी वाचणाऱ्या माणसालाच घ्यावी लागेल.

राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्ग वेळोवेळी घेतले जातात. पुढील वर्ग केव्हा आहे याची चौकशी पत्राने किंवा दूरध्वनीने आताच कर. तोवर मोडीची बाराखडी घरी गिरवायला घे, तलाठ्याकडे किंवा तहसील कार्यालयात फेरफाराचा उतारा कसा मागतात हे एकदा स्वतः अर्ज करून पाहा आणि गावातील एखाद्या वकिलांकडे सुट्टीत दोन महिने जुनी कागदपत्रे लावून देण्याचे काम माग. घरातल्या पेटीत आजोबांच्या वेळचे दस्त असतील तर सरावासाठी त्यांच्याच छायाप्रती वापर. मूळ कागद मात्र हाताळू नकोस, ते आता ठिसूळ झालेले असतात.